रिकामी खाच

हादरेमास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. सातवीत त्यांनी जी पाठ फिरवली ती पुन्हा शाळेचं तोंड पाहिलं नाही. पण एखादी गाडी हादरायला लागली, दोन-तीन गॅरेजवाल्यांनी हात टेकले, की सगळे शेवटी म्हणायचे, आता मास्तरांकडेच न्या. त्यात एका टवाळ टॅक्सीवाल्यानं पुढे 'हादरे' जोडलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. बायकोला राग आला की तीसुद्धा म्हणायची, या, हादरेमास्तर, जेवायला या.

त्यांची पद्धत अशी. गाडी आली की बॉनेट उघडायचं नाही. मालकाला चालवायला बसवायचं आणि आपण मागच्या सीटवर, चपला काढून, पायाखालची चटई दूर सारून, तळपाय उघड्या पत्र्यावर टेकवून, डोळे मिटून. चाकाचा हादरा सीटमध्ये येतो, इंजिनाचा दातांत कळतो आणि शाफ्टचा पोटऱ्यांत चढतो, असं ते सांगायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, मास्तर थापा मारताहेत. पण पाच-सात किलोमीटर गेले की ते डोळे उघडून म्हणायचे, मागचं उजवं चाक. आणि ते मागचं उजवं चाकच निघायचं. चव्वेचाळीस वर्षं हे असं चाललं होतं. माणूस तसा तिरसट, बोलणं कमी, पण एकदा 'ओके' म्हणाला की मालक बायकापोरांना बिनघोर गाडीत बसवायचा. त्या एका शब्दावर त्यांचं पोट होतं आणि अब्रूही.

आणि गेल्या सहा महिन्यांपासून मास्तरांना तळपायांत काही कळत नव्हतं.

आधी वाटलं, थंडी. मग वाटलं, वय. साखर तर दहा वर्षांपासून होतीच. डॉक्टर म्हणाले, साखरेनं पायांच्या आणि बोटांच्या टोकांची जाणीव बोथट होते, आता सांभाळून. पाय जरा बधिर होतात, एवढंच मास्तरांनी घरी सांगितलं, बोटांचं नाही. बोटांचं त्यांनी स्वतःलाही नीट सांगितलं नाही. एकदा गरम सायलेन्सरला हात लागला आणि पहिल्यांदा वास आला, मग फोड दिसला. दुखलं नाहीच. त्या दिवशी ते शेडच्या मागे जाऊन बराच वेळ हात उलटासुलटा करून बघत बसले. भीती वाटली, सरळ शब्दांत सांगायचं तर फार भीती वाटली. पण सांगायचं कुणाला? बायकोला सांगितलं तर ती दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप लावेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून गप्प बसले.

बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. पोरं मार्गाला लागल्यावर ती घरी बसून कंटाळली आणि शेडमध्ये येऊ लागली. पत्र्याची शेड, मध्ये खड्डा, भिंतीवर पाने टांगलेले आणि प्रत्येक पान्यामागे रंगानं काढलेली त्याची आकृती, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लगेच दिसावं. ती दाराशी बसून उघडलेले भाग डिझेलच्या ट्रेमध्ये ब्रशनं धुवायची. धुता धुता तिला निम्मं गॅरेज पाठ झालं. पण तिनं पाना हातात घेतलेला मास्तरांना चालायचा नाही.

अशात चष्मेवाले आपली गाडी घेऊन आले. चष्मेवाले म्हणजे बाजारातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. मास्तरांच्या नाकावरचा चष्मा त्यांनीच बनवलेला. गाडी त्यांच्या वडिलांची, वडिलांनी तरुणपणी घेतलेली, गोल दिव्यांची, जड दारांची, साठ-पासष्ट वर्षांची म्हातारी. वडील स्वतः पंच्याऐंशीचे. त्यांची एकच इच्छा होती, घाट उतरून पलीकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीला भेटायचं, आणि ते याच गाडीतून. पण गाडीनं साठचा वेग घेतला की ती थरथरायला लागायची, सत्तरला तर आरशात मागचं काही दिसायचं नाही. एका गॅरेजनं चाकं बॅलन्स केली, दुसऱ्यानं इंजिनाखालची रबरं बदलली. थरथर काही जाईना.

मास्तर सवयीप्रमाणे मागे बसले, चपला काढल्या, डोळे मिटले. गाडी साठवर गेली, सत्तरवर गेली. चष्मेवाल्यांनी विचारलं, कळलं का? मास्तरांना काहीही कळलं नव्हतं. आपण एखाद्या खोलीत बसलोय की धावत्या गाडीत, एवढाच काय तो फरक कळत होता. पण तोंडावर काही दिसू न देता म्हणाले, उद्या परत बघू.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून स्टीलचा पेला आणला, अर्धा पाण्यानं भरला आणि पायाशी पत्र्यावर ठेवला. चष्मेवाल्यांना वाटलं, मास्तरांना तहान लागते. पायांचं काम आता डोळ्यांनी करायचं ठरलं होतं. साठला पाण्यावर बारीक सुरकुती, सत्तरला पाणी काठाशी उड्या मारायला लागलं, ऐंशीला पुन्हा शांत. मास्तरांनी सत्तरवरच गाडी न्यूट्रल करायला लावली. इंजिनाचा आवाज खाली गेला, गाडी आपल्या वेगानं घरंगळत राहिली आणि पाणी तसंच उड्या मारत राहिलं. म्हणजे इंजिन सुटलं. मग पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घालून पाहिली. फरक शून्य. म्हणजे चाकंही सुटली. राहिला शाफ्ट.

शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत गाडीच्या पोटाखालून जाणारा लोखंडी दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा, त्याला क्रॉस म्हणतात. क्रॉसच्या चार टोकांवर चार वाट्या चढतात आणि वाटी निसटू नये म्हणून तिच्यामागे खाचेत एक बारीक पोलादी कडं बसवतात, त्याला गॅरेजवाले लॉक म्हणतात. लॉक नखाएवढं असतं. पण ते नसेल तर वाटी हळूहळू बाहेर सरकते, शाफ्ट पुढच्या बाजूनं सुटून रस्त्यात रुततो आणि धावती गाडी स्वतःच्या दांड्यावर उचलली जाते. मास्तरांनी हे एकदा पाहिलं होतं, एकोणीस वर्षांचे असताना. टॅक्सी होती. माणसाला बाहेर काढायला पत्रा कापावा लागला. ते काम त्यांच्या वस्तादांच्या हातचं होतं. त्या दिवसानंतर वस्तादांनी पाना उचलला नाही, आणि मास्तरांनी कुठलंही लॉक बोट फिरवून बघितल्याशिवाय सोडलं नाही.

शाफ्ट उतरवल्यावर दोष उघडच दिसला. दोन्ही क्रॉस झिजलेले. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी बायकोला चहा स्वतः करून दिला. तिनं विचारलं, आज काय झालंय तुम्हाला? ते नुसते हसले. पाय गेले तर गेले, अक्कल शाबूत आहे, असं त्यांना वाटत होतं. नवे क्रॉस आणले, जुनी आठ लॉकं काढून नेहमीसारखी तारेत ओवून खिळ्याला टांगली, नवी आठ समोर, डिझेलच्या ट्रेच्या काठाशी मांडली. वाट्या वाईसच्या लोखंडी जबड्यात दाबून बसवल्या आणि एकेक लॉक पकडीनं खाचेत सोडलं. लॉक बसलं की टक् होतं, ते बोटांत कळतं. शेजारचा पत्रेवाला सकाळपासून टाकी ठोकत होता, त्यामुळे कानांना ते टक् ऐकू आलं नाही. बोटांना कळलं का? मास्तरांना वाटलं, कळलं. सवयीनं बोटही फिरवलं. ग्रीस भरलं, शाफ्ट चढवला, पत्रेवाल्यालाच चालवायला बसवून सत्तरवर गाडी पळवली. पेल्यातलं पाणी झोपल्यासारखं शांत. बायको पुढच्या सीटवर होती, तीही म्हणाली, लोण्यासारखी चाललीय.

मास्तरांनी चष्मेवाल्यांना किल्ली दिली आणि म्हणाले, ओके.

मंगळवारी सकाळी नऊला चष्मेवाले वडिलांना आणि चार वर्षांच्या लेकीला घेऊन घाटाकडे निघाले. जाताना शेडसमोर हॉर्न वाजवून गेले. म्हातारबुवा पुढे बसले होते, ताठ, नव्या शर्टात, आणि मागच्या काचेतून पोरगी हात हलवत होती. मास्तरांनीही हात हलवला. बऱ्याच दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं.

दहाच्या सुमाराला मास्तरीणबाई ट्रेमधलं काळं झालेलं डिझेल बदलायला बसली. तिनं तळाशी हात फिरवला आणि थांबली. मग उठून मास्तरांच्या समोर येऊन तळहात उघडला. हातात एक लॉक होतं. जुनं, काळं नव्हे. नवं, चकचकीत.

"हे कशाचं हो?" तिनं विचारलं.

मास्तर एकदम म्हणाले, जादाचं असेल. पण क्रॉसबरोबर जादाचं लॉक कधी येत नाही, हे तिला त्यांच्याइतकंच माहीत होतं. मग म्हणाले, एखादं घट्ट बसत असेल म्हणून मी जुनंच परत घातलं असेन. ती खिळ्यापाशी गेली, तार खाली काढली आणि मोजली. आठ. पुन्हा मोजली. आठच. जुनी आठ तारेत, नवं एक तिच्या हातात. म्हणजे गाडीत सातच. एक खाच रिकामी.

मास्तर वाईसला धरून उभे राहिले. डोळ्यांसमोर ती टॅक्सी आली आणि मागच्या काचेतली ती पोरगी आली. मग फोन घेतला. चष्मेवाल्यांची रिंग जात होती, उचलत कोणी नव्हतं. गाडीतून निघालं की फोन सामानाच्या पिशवीत टाकायचा आणि पोचेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. मास्तरांनीच कितीदा लोकांना त्यांचं उदाहरण दिलं होतं. पुन्हा लावला, पुन्हा लावला. वीस वेळा तरी लावला असेल. मग दोघंही शेडला कुलूप न लावताच आपल्या टेम्पोत बसले.

टेम्पो मास्तर चालवत होते आणि ते एक वेगळंच भय होतं. डावा पाय क्लचवर आहे की नाही, उजव्या पायाखाली ब्रेक आहे की ॲक्सिलरेटर, हे त्यांना खाली बघितल्याशिवाय कळत नव्हतं. शेडपासून बाजारापर्यंत ते रोज चालवायचे, तेवढं निभायचं. आज हायवे होता. ते रस्त्याकडे बघत, मग पायांकडे, मग रस्त्याकडे. बायको हे बघत होती. एका वळणावर समोर ट्रक आला आणि मास्तरांनी जो पाय दाबला तो भलताच निघाला. टेम्पो थांबायचा सोडून पुढे उसळला, ट्रक हातभरावरून गेला. तिनं डॅशबोर्डला धरलेला हात काढला नाही. एवढंच म्हणाली, तुम्हाला पायांत काहीच कळत नाही ना? मास्तर म्हणाले, आत्ता नको. ती म्हणाली, बरं, मग खाली मी बघते, तुम्ही वर बघा. आणि खरंच ती त्यांच्या पायांकडे बघत 'ब्रेकवर आहे', 'सरकला', 'उजवीकडे घ्या' असं सांगत राहिली. चाळीस किलोमीटर असे गेले.

वाटेत कुठे गर्दी दिसली की मास्तर टेम्पो हळू करायचे. एका ठिकाणी लोक गोळा झाले होते, एक गाडी आडवी होती. त्यांनी टेम्पो थांबवला पण खाली उतरवेना. बायको उतरून बघून आली. टेम्पोवाल्याचं आणि दुचाकीवाल्याचं भांडण होतं. घाट आता पंधरा किलोमीटरवर होता. गाडी उताराला लागली की संपलं, एवढंच मास्तरांच्या डोक्यात घुमत होतं. शाफ्टवर जोर उलटा येतो, वळणामागून वळण, एका बाजूला दरी. घरात ज्या देवाकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत त्याला त्यांनी त्या पंधरा किलोमीटरांत किती वेळा हाक मारली, त्यांचं त्यांनाच ठाऊक.

गाडी वाचली ती म्हातारबुवांमुळे. पंच्याऐंशीच्या माणसाला दर अर्ध्या तासानं थांबावं लागतं आणि दर वेळी वीस-पंचवीस मिनिटं जातात. घाट सुरू व्हायच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर गाडी उभी होती. म्हातारबुवा मुतारीतून सावकाश येत होते, पोरगी बॉनेटला टेकून बिस्किट खात होती. मास्तरांना एकदम रडूच फुटलं. टेम्पोतून उतरताना पाय कुठे पडतोय ते न कळून ते गुडघ्यावर आपटले आणि तसेच उठून धावले.

चष्मेवाले म्हणाले, अहो मास्तर, तुम्ही इथे? मग आवाज खाली आणून म्हणाले, मला गेल्या पाच-सहा किलोमीटरांत जराशी थरथर जाणवली. पण म्हटलं, मास्तर ओके म्हणालेत, म्हणजे माझ्याच मनाचे खेळ.

मास्तरांनी जॅक लावून एक मागचं चाक उचललं, चष्मेवाल्यांना ते हळूहळू फिरवायला सांगितलं आणि स्वतः गाडीखाली शिरले. मागचा क्रॉस डोळ्यांनी दिसत होता, चारही लॉकं जागेवर. पुढचा क्रॉस गिअरबॉक्सच्या मागे वर पत्र्याच्या बोगद्यात, तिथे डोकं जात नाही, फक्त हात जातो. मास्तरांनी हात वर घातला. ग्रीसमधून बोट फिरवलं. पहिली वाटी. दुसरी. चाक फिरलं. तिसरी. सगळं सारखंच. कडं आहे की खाच आहे, वाटी आत आहे की बाहेर, काही नाही. जणू हात दुसऱ्याचा. पुन्हा फिरवलं, नखानं खरवडलं, डोळे मिटून, श्वास रोखून. वरून चष्मेवाले विचारत होते, सापडलं का हो? पंपाच्या फरशीवर पाठ टेकून पडलेल्या मास्तरांना एकदा वाटलं, सांगावं सापडलं म्हणून आणि गाडी टेम्पोला बांधून न्यावी परत. कुणाला काही कळणार नाही.

मग त्यांनी हात खाली घेतला आणि हाक मारली, "अगं, तू ये खाली. मला बोटांना कळत नाही."

मास्तरीणबाई खाली वाकली होती ती तशीच थांबली. बोटांचं तिला आत्ता कळत होतं. तिनं बाही कोपराच्या वर सारली, त्यांच्या शेजारी सरकली आणि हात वर घातला. पहिली वाटी, आहे, म्हणाली. दुसरी, आहे. चाक फिरलं. तिसरी, आहे. चाक पुन्हा फिरलं आणि तिचा हात थांबला.

"इथं कडं नाही," ती म्हणाली. "आणि वाटी बाहेर आलीय. अर्ध्याच्या वर आलीय."

मास्तर बाहेर आले आणि त्यांनी चष्मेवाल्यांना सगळं सांगितलं. लॉक राहिलं हे सांगितलं. ते का राहिलं तेही सांगितलं, पाय, बोटं, पेला, सगळं. वर मान करून नाही, पण काही न लपवता सांगितलं. त्यांना वाटलं होतं, हा माणूस आता दोन ठेवून देईल, आणि खरं तर ठेवून द्याव्यात असंच त्यांना वाटत होतं. चष्मेवाले रागावले नाहीत. त्यांनी आधी बॉनेटपाशी जाऊन लेकीला उचललं, तिला गाडीपासून लांब, पंपाच्या ओट्यावर आजोबांच्या मांडीवर नेऊन बसवलं आणि गाडीकडे बघत तिथेच उभे राहिले. शिवी खाल्ली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

बायको पेट्रोलच्या फडक्यानं हात पुसत आली. म्हणाली, बोटांचं कधीपासून? मास्तर म्हणाले, पायांबरोबरच. सहा महिने.

सहा महिन्यांत आपण किती क्रॉस बसवले, हे मास्तर मनातल्या मनात मोजायला लागले. भाजीवाल्याची पिकअप. दुधवाल्याचा टेम्पो. आणि गेल्या सोमवारी शाळेची व्हॅन. तिन्ही गाड्यांची लॉकं याच बोटांनी तपासली होती, तिन्ही गाड्यांना याच तोंडानं ओके म्हटलं होतं.

त्यांनी फोन काढला, पण बोटं आकड्यांवर नीट पडेनात. बायकोनं फोन घेतला आणि लावून त्यांच्या कानाशी धरला. भाजीवाल्याची पिकअप घरीच उभी होती. मास्तर म्हणाले, हलवू नकोस, माझ्या बोटांना कळत नाही आता, मी येतो. दुधवाला चिडला, काय वाट्टेल ते बोलला, पण थांबला. मग तिसरा नंबर. पंपावरच्या घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. शाळा साडेबाराला सुटते.

व्हॅनवाल्यानं दुसऱ्याच रिंगला उचलला. खुशीत होता.

"बोला मास्तर. गाडी एक नंबर पळतेय हां."

"बाजूला घे," मास्तर म्हणाले. "आत्ता. जिथे आहेस तिथे, हळू."

व्हॅनवाल्याला नीट ऐकू आलं नाही. तो काय, काय म्हणून ओरडत राहिला, त्याच्यामागे पोरांचा गलका चालू होता, आणि गाडी अजून पळतच होती.